आधी ऊन पाहा, मग साचा

जळगावात घरी साबण करणाऱ्या बाईचा मे महिन्यातला एक कामाचा दिवस

पहाटे ४.३०

मे महिन्यात जळगावात कॉस्टिकचं काम उजाडण्याआधी उरकावं लागतं. दुपारी पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो, रात्री भिंती तापलेल्याच राहतात, आणि घराला थोडा गारवा मिळतो तो याच तासाभरात. मागच्या ओट्यावर काटा मांडते. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. स्टीलच्या उभ्या भांड्यात २८६ ग्रॅम पाणी घेते आणि त्यात थोडा थोडा करत १४३ ग्रॅम कॉस्टिक सोडा सोडते. सोडा पाण्यात घालायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उसळून अंगावर येतं. बघता बघता भांडं ऐंशी अंशांच्या आसपास तापतं. वाफ नाकात जाऊ नये म्हणून वारा पाठीवर घेऊन उभी राहते आणि भांडं झाकून निवायला ठेवते. घरातली पोरं उठायच्या आत हे सगळं झालेलं बरं.

मग तेलं. घाणा एक किलोचा: खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाण्याचं ४५०, मोहाच्या बियांचं २००, एरंडेल ५०. मोहाचं तेल सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येतं, चोपडा आणि शिरपूरच्या बाजूने. प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. खोबरेलाला दर ग्रॅममागे ०.१८३ ग्रॅम, शेंगदाण्याला ०.१३७, मोहाला ०.१३८, एरंडेलाला ०.१२८. बेरीज दीडशेच्या जरा वर जाते. तीतून ५ टक्के कमी केले की १४३ उरतात. त्यामुळे थोडं तेल मोकळं राहतं आणि साबण कातडीला सोसतो.

साच्याचा विचार इथूनच सुरू होतो. खोबरेल आणि मोहाचं तेल वडीला घट्टपणा देतात, शेंगदाण्याचं तेल तिला मऊ ठेवतं. मऊ घाणा नाजूक नक्षीच्या साच्यातून अखंड निघत नाही. म्हणून तेलं ठरली की निम्मा साचा ठरतोच.

पहाटे ५.४५

परवा ओतलेले साचे आज उघडायचे आहेत. पाककृती सगळ्यांची एकच, साचे मात्र वेगळे. आज दुपारी धुळ्याला बचत गटाच्या बायकांना साबण शिकवायला जायचंय; त्यांना फरक हातात घेऊन पाहता यावा म्हणून हे मुद्दाम केलंय.

पहिला लाकडी, लांबट आणि खोल, आतून बटर पेपर लावलेला. कागद धरून ओढला की लादी अलगद वर येते. पण वरून मधोमध लांब तडा गेलाय, आणि कापल्यावर गाभ्यात गडद वर्तुळ दिसतं, कडा मात्र फिकट. लाकूड उष्णता धरून ठेवतं. साबण होताना घाण्यातून स्वतःची उष्णता निघते, वर बाहेरची हवा चाळीस अंशांची. मग गाभा इतका तापतो की फुगून वरचा थर फाटतो. वड्या वापरायला चांगल्याच आहेत, पण दुकानात ठेवल्या तर गिऱ्हाईक तडा गेलेली वडी उचलत नाही.

दुसरा सिलिकॉनचा, तोही लांबट. भिंती मऊ असल्याने किलोभर मालाच्या भाराने मध्यभागी बाहेर फुगलाय. मधल्या वड्या जाड, टोकाच्या बारीक. एकाच लादीतल्या वड्यांच्या वजनात असा फरक पडला तर विकताना कोणता आकडा लिहायचा? हा साचा घ्यायचा तर त्याला बाहेरून लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याची चौकट हवीच.

तिसरा सिलिकॉनचाच, सहा खळग्यांचा. प्रत्येक वडी सुटी, माल थोडा, त्यामुळे उष्णता लगेच निघून जाते. तडा नाही, वर्तुळ नाही, रंग एकसारखा. पण कोपरे अजून मऊ आहेत. ओढले तर तुटतील. हा आणखी दिवसभर राहू देते.

चौथा पीव्हीसी पाइपचा तुकडा, ७५ मिलिमीटरचा, आत बटर पेपरची गुंडाळी. रात्री तासभर फ्रीजरमध्ये होता. लाकडी दांड्याने खालून रेटला की गोल कांडी बाहेर येते. अडीच सेंटिमीटरच्या चकत्या पाडल्या की शंभर ग्रॅमच्या आतबाहेरची वडी होते, ओल्या हातातही नीट बसणारी.

सकाळी ७.००

सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही चाळीस अंशांच्या खाली आलेत. मे महिन्यात याहून गरम ओतत नाही. तेलात पाणी सोडून हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवते. ब्लेंडर उचलल्यावर पृष्ठभागावर रेघ उमटून क्षणभर टिकली की ट्रेस आला, आता ओतायचं.

आजचा घाणा उथळ लाकडी ट्रेमध्ये जातो. आतलं माप २५ बाय २० सेंटिमीटर, खोली ३. साबणाचा थर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास बसतो, उष्णता वरून आणि खालून लवकर निघून जाते, आणि लाकूड असूनही गाभा तापत नाही. उद्या यातून बर्फीसारख्या चौकोनी वड्या पाडायच्या, चार उभ्या नि चार आडव्या, एकूण १६.

गरम मुलखांत उथळ साबणाची रीत फार जुनी आहे. पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस आणि सीरियातलं अलेप्पो इथे ऑलिव्ह तेलाचा उकळलेला साबण साच्यात भरतच नाहीत. कारखान्याच्या जमिनीवर ओततात, पसरवतात, घट्ट झाला की रेघा मारून कापतात आणि वड्यांचे पोकळ मनोरे रचून महिनोन्‌महिने वाळवतात. दोन्ही परंपरांची नोंद युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. त्यांचा साबण शिजवलेला आणि आपला न शिजवता केलेला, त्यामुळे सगळं जसंच्या तसं उचलता येत नाही. पण पातळ थर आणि भोवती खेळती हवा या दोन गोष्टी खानदेशाच्या उन्हाळ्यालाही लागू पडतात.

सकाळी ९.३०

महात्मा फुले मार्केटमध्ये प्लास्टिकच्या दुकानांपुढून जाताना सवयीने डबे उलटे करून बघते. तळाला त्रिकोणात आकडा असतो. २ किंवा ५ असेल तर कॉस्टिकपुढे टिकेल. आइस्क्रीमचे आणि श्रीखंडाचे बरेच डबे ५ नंबरचे असतात, ते मी जपून ठेवते. १ नंबरची पाण्याची बाटली आणि ६ नंबरचा कडक पारदर्शक मिठाईचा डबा ओल्या साबणाला नको. पहिलीला कॉस्टिक खातं आणि दुसरा उष्णतेने वाकतो.

धातूंचं तर पाठच करून ठेवावं. ॲल्युमिनिअमचा केकचा डबा कधीच नाही: कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तांब्याचं, पितळेचं, कल्हईचं भांडंही नको. तांब्याचा अंश साबणात उतरला की तेल लवकर खवट होतं आणि वडीवर तांबूस डाग पडतात. कल्हईचं कथील कॉस्टिकमध्ये विरघळतं. स्टील चालतं, पण आतून कागद लावल्याशिवाय वडी सुटत नाही. मातीचं खापर सच्छिद्र असल्याने कॉस्टिक पिऊन घेतं. काचेतून लादी निघत नाही, आणि वर्षभर वापरली तर काचही धूसर होते.

सिलिकॉन घेताना दुकानदारासमोरच कड चिमटीत धरून पिळते. पीळ पडलेल्या जागी पांढरट रेघ उमटली तर त्यात भेसळ असण्याची शक्यता असते. वास घेऊनही बघते; नव्या साच्याला उग्र वास असेल तर तो साबणातही येतो.

पाइपवाल्याकडे थांबते. पाइपसाठी जळगावकराला लांब जावं लागत नाही. १९८०च्या सुमारास भवरलाल जैन यांच्या कंपनीने इथे पीव्हीसी पाइप काढायला घेतले, पुढे ठिबक आलं, आणि पाइप हा या शहराचा मालच होऊन बसला. शेतात पडलेला जुना तुकडा मात्र साबणाला घेऊ नये. त्याला खत-औषधाचा अंश असतो, आणि जुन्या पाइपांत शिशाचा अंशही असू शकतो. शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. म्हणून पिण्याच्या पाण्याचा, नवा, शिसेविरहित असं छापलेला पाइप घेते आणि तरीही आत कागद लावतेच. ३० सेंटिमीटरचे दोन तुकडे करून पिशवीत टाकते.

सकाळी ११.००

धुळ्याच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळते, खिडकीतून झळा येतात. वही काढून बायकांसाठी मापांचं पान लिहिते.

साचा चौकोनी असेल तर आतली लांबी, रुंदी आणि किती उंच भरायचं ते सेंटिमीटरमध्ये मोजा. तिन्हींचा गुणाकार करा, त्याला ०.७ ने गुणा. येईल तितके ग्रॅम तेल त्या साच्याला लागेल. २५ बाय ७.५ बाय ७.५ चा लांबट साचा घेतला तर गुणाकार १,४०६. तेल साधारण ९८४ ग्रॅम, म्हणजे किलोचा घाणा. माझ्या पाइपच्या आतला व्यास ७ सेंटिमीटर आणि लांबी ३०. त्यात ८०० ग्रॅम तेलाचा घाणा बसतो.

साचा वेडावाकडा असेल, फुलाचा, शंखाचा, तर गुणाकाराच्या भानगडीत पडू नका. मापाच्या पेल्याने पाणी ओता, मिलिलिटर मोजा आणि ०.७ ने गुणा. ओतण्यापूर्वी साचा पुसून पूर्ण कोरडा करा.

एरंडोल मागे पडतं, पारोळा येतं. इथून उत्तरेला अमळनेरचा रस्ता फुटतो. अमळनेर ठाऊक असतं ते साने गुरुजींमुळे आणि विप्रोमुळे. विप्रोची सुरुवात तेल-तुपापासून झाली. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप हे तिचं उत्पादन, आणि तेलाच्या कामात उरणाऱ्या मालातून केलेला ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण. १९६६ मध्ये वडील वारल्यावर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परतले. संगणक पुढे आले. आधी इथल्या मातीतलं तेल होतं.

साबणाच्या मोठ्या कारखान्यात आणि माझ्या ओट्यावर एक मूलभूत फरक आहे, आणि तो धुळ्यात मला नीट सांगायचाय. कारखान्यात साबण आधी तयार होतो, आकार नंतर मिळतो. तयार साबणाचे शेवयांसारखे तुकडे यंत्रात दाबून त्यांची लांब कांडी काढतात, ती कापतात आणि वर छाप मारतात. तिथला साचा फक्त आकार देतो. घरी आपण जे ओततो तो अजून साबण झालेलाच नसतो. तेल आणि कॉस्टिक एकमेकांत मुरायचं बरंचसं काम ओतल्यानंतरच्या दिवसाभरात होतं, आणि ते साच्याच्या आत होतं. म्हणून साचा कशाचा आहे, किती खोल आहे, उष्णता धरतो की सोडतो, यावर साबण कसा निघेल ते ठरतं. आकाराचा नंबर त्यानंतर.

दुपारी १.३०

पांझरेपलीकडे देवपुरात बचत गटाच्या बायका वाट बघत असतात. आधी जेवण: कळण्याची भाकरी, शेवभाजी, कांदा. पंखा गरम हवा फिरवतोय.

या गटाने आजवर तयार सोप बेस वितळवून साबण केलेत, त्यामुळे त्यांच्याकडचे साचे नक्षीचे आहेत: गुलाब, पान, सूर्यफूल. बेससाठी ते चांगले. बेस हा तयार साबणच असतो. तो साठ-पासष्ट अंशांवर ओतायचा, तासा-दोन तासांत घट्ट होतो आणि बारीक रेघही उमटते. साचा तेवढ्या उष्णतेला वाकणारा नसला म्हणजे झालं. आता त्यांना तेलापासून साबण करायचाय, आणि तिथे हेच साचे अडचण करतात. पाकळ्यांच्या पातळ कडा मऊ घाण्यात तुटतात. न तुटता निघाल्या तरी चार ते सहा आठवडे वाळताना त्या आधी सुकतात आणि वाकतात, आणि बादलीशेजारी ओल्या राहिल्या की आधी त्याच विरघळतात.

सहा खळग्यांचा साचा घरीच आहे; बाकीच्या तीन साच्यांच्या मी आणलेल्या वड्या हातोहात फिरतात. तड्यावर बोट फिरवून एक ताई विचारते, मग लाकडी साचा वाईटच का? नाही. तोच साचा डिसेंबरात काढा. धुळ्याचा पारा तेव्हा दहाच्या खाली उतरतो. सुट्या खळग्यांतला साबण त्या थंडीत गारठून राहतो, तीन-चार दिवस सुटत नाही, वर पांढरी पूड धरतो. खोल लाकडी साचा चादरीत गुंडाळून ठेवला की आतली उष्णता आतच राहते आणि दुसऱ्या दिवशी घट्ट, चकचकीत लादी हातात येते. ऋतू बदलला की साचा बदला. उन्हाळ्यात उथळ ट्रे किंवा सुटे खळगे, हिवाळ्यात खोल लाकूड. पावसाळ्यात यातलं कुठलंही, पण कापल्यावर वड्या पंख्याखाली मोकळ्या मांडायच्या.

कोपऱ्यात बसलेली आक्का पाइपची गोल वडी तळहातावर तोलते. “हाऊ साबण कितला दिन टिकस? आमना घरमा आठ माणसं शेतस.” एवढ्या मोठ्या घराला मी लांबट साच्याची जाड वडी सुचवते. किलोच्या घाण्यातून १० वड्या काढल्या तर प्रत्येक ओली १४०च्या पुढे भरते आणि वाळून सव्वाशेच्या घरात येते. जाड वडीला वजनाच्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी, म्हणून ती सावकाश झिजते. मात्र शेतात कामाला जाणारी बाई नदीवर, हौदावर साबण नेते, आणि तिला मुठीत मावणारी लहान वडीच सोयीची. वडी कोणाच्या हातात जाणार, हे साचा घेतानाच विचारात घ्यायचं.

दुपारी ३.००

प्रश्नांचा तास. एक ताई विचारते, दिवाळीला लक्ष्मीचा आणि गणपतीचा साचा घेऊ का, खूप खपेल. मी तिला मनापासून नाही म्हणते. ती मूर्ती अंगावर घासली जाणार, झिजत जाणार आणि मोरीतून वाहून जाणार. आपल्याला देवघरात जे हात जोडून ठेवावंसं वाटतं ते न्हाणीघरात का पाठवायचं? दिवाळीला पणतीचा, कमळाचा किंवा साधा गोल आकार घ्या. उटण्याबरोबर गोल वडी शोभते.

रावेरकडून लग्न होऊन आलेली एक जण म्हणते, आमच्याकडे केळीचे खांब ढिगाने पडतात, त्यांच्या राखेतून साबण होईल का? फार मोलाचा प्रश्न आहे. राखेच्या निवळीतून मिळणारा क्षार पोटॅशचा असतो आणि केळीच्या खांबात पोटॅश भरपूर. पण पोटॅशने होणारा साबण मऊ राहतो, मलमासारखा. तो साच्यातून वडी म्हणून निघत नाही. तो करायचा तर साच्याऐवजी रुंद तोंडाची बरणी घ्यावी. घट्ट वडीला कॉस्टिक सोडाच लागतो. साच्याला अस्तर म्हणून केळीचं पान लावण्याची कल्पनाही कोणीतरी मांडते. कॉस्टिक लागलं की पान काळं पडतं आणि त्याचा डाग वडीवर बसतो, म्हणून बटर पेपरच बरा.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर? फळांच्या रसाचा एक लिटरचा कागदी डबा धुऊन, वाळवून घ्या. त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो कॉस्टिकला दाद देत नाही. त्याच्या पोटात ॲल्युमिनिअमचाही थर असतो, म्हणून आतून चाकू किंवा चमचा ओढू नका. त्यात ७०० ग्रॅम तेलाचा घाणा बसतो. साबण धरला की डबा फाडायचा आणि लादी कापायची.

मग विक्रीचा विषय. घरात वापरायला कुणी अडवत नाही. विकायचा तर अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतो, आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाला परवाना लागतो. तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं. इथे साच्याचा सरळपणा पैशाचा प्रश्न होतो. उथळ ट्रेमधली वडी कापताना ९० ग्रॅमच्या आसपास भरते, वाळून ८०च्या जवळ येते, म्हणून तिच्यावर ७५ लिहिलं तर गिऱ्हाइकाला कधीच कमी जात नाही. फुगणाऱ्या साच्यातून काढलेल्या वडीवर असा शब्द देता येत नाही. गटाने माझ्यासमोरच ठरवलं की वजन आधी ठरवायचं आणि त्यावरून साच्याचं माप काढायचं.

दुपारी ४.३०

आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत सुताराकडे जातो. “ताई, माप आतलं देता का बाहेरचं?” हा त्यांचा पहिलाच प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच. माप आतलं. फळीची जाडी त्यावर वेगळी.

प्लायवूड नको, त्यातला डिंक ओलाव्याने सुटतो. सागाचे कापून उरलेले पट्टे त्यांच्याकडे पडून असतात. साग पाण्याला टिकतो, फक्त त्याचा रंग उतरतो, तो कागदामुळे अडतो. बाजू खिळ्यांनी कायमच्या ठोकू नयेत. दोन बाजूंना खाच, मध्ये बसणाऱ्या सरकत्या फळ्या, आणि बांधायला स्टीलचे नट-बोल्ट; म्हणजे लादी ओढावी लागत नाही, भिंतीच बाजूला होतात. बिजागऱ्या ॲल्युमिनिअमच्या लावायच्या नाहीत, असं दोनदा सांगते. ट्रेच्या कडेला आतून सव्वासहा आणि पाच सेंटिमीटरवर बारीक खुणा करायला लावते, त्या खुणांवर तार ताणली की प्रत्येक वडी सारखी पडते.

शहरातल्या माणसाला वाटतं की असा उद्योग करायचा तर बाहेरून महागडे साचे मागवावे लागतात. खानदेशाने याचं उत्तर पूर्वीच दिलंय. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या जवळच्या साहित्यातून उभी केली, आणि सोबत ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही होतं. गांधीजींचा आग्रहच तसा होता. जवळ जे मिळतं त्यातून नेटकं काम करता येतं, यावर माझाही विश्वास आहे. धुळ्याच्या सुताराने केलेला ट्रे बिघडला तर धुळ्यातच दुरुस्त होतो. सिलिकॉनचा साचा फाटला तर तो कचऱ्यातच जातो.

संध्याकाळी ६.००

परतीच्या गाडीत अंगातला शीण जाणवतो, पण डोकं चालू राहतं. बायकांनी विचारलेलं एक राहून गेलं होतं, ते वहीत लिहून घेते: साचे धुवायचे कसे. ओतल्यानंतर साच्याला लागलेला कच्चा माल लगेच धुऊ नये, त्यात कॉस्टिक जिवंत असतं. एक-दोन दिवस तसाच ठेवला की त्याचाही साबण होतो आणि मग गरम पाण्याने निघून जातो. सिलिकॉन तारेच्या घासणीने घासू नये, ओरखड्यात पुढचा घाणा चिकटतो. लाकूड पाण्यात भिजत ठेवू नये, ओल्या फडक्याने पुसून सावलीत उभं करावं. वाळवणासारखं उन्हात टाकलं तर फळ्या वाकतात आणि सांध्यांतून माल गळायला लागतो. आणि साबणाचा साचा परत स्वयंपाकात घेऊ नये, त्यावर खडूने मोठी खूण करून ठेवावी.

रात्री ८.३०

घरी आल्यावर आधी ट्रे बघते. वरचा थर सपाट, तडा नाही, गाभ्याचं वर्तुळ नाही. बोटाने दाबलं तर किंचित दबतं. कापायला उद्याची सकाळ योग्य. सहा खळग्यांचा साचा आता सुटायला तयार आहे, कोपरे अखंड निघतात. त्या वड्या जाळीवर एकमेकींना न चिकटता मांडते.

वहीत आजच्या घाण्यापुढे चार गोष्टी लिहिते: हवेचं तापमान, ओततानाचं तापमान, साचा कोणता, आणि सुटायला किती वेळ लागला. अशा नोंदी बारा महिने ठेवल्या की कुठल्याही जाहिरातीपेक्षा नेमकी माहिती हाताशी येते, कारण ती इथल्या हवेची असते. साच्यांची निवड सांगणारं बरंचसं लेखन थंड देशांतलं आहे. त्यात साचा गुंडाळून उबेत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यातल्या जळगावात तसं केलं की लादी फाटते.

नव्याने सुरुवात करणाऱ्या बहिणीने माझ्या मते या क्रमाने जावं. पहिला घाणा रसाच्या कागदी डब्यात, म्हणजे खर्च शून्य आणि हात बसतो. दुसरा साचा सुताराकडून, उन्हाळा असेल तर उथळ ट्रे, हिवाळा असेल तर खोल पेटी. गोल वडी हवी असेल तर नव्या पाइपचा तुकडा. सिलिकॉन सगळ्यात शेवटी, पाककृती घट्ट बसल्यावर आणि गिऱ्हाईक नक्षी मागायला लागल्यावर.

देवपुराहून गटाच्या अध्यक्षताईंचा फोन येतो. सुताराला दोन ट्रेचं काम दिलं, पाइप स्थानिक दुकानातून घेणार, आणि गुलाबाचे साचे बेसच्या कामाला वेगळे ठेवले. खोल पेटीची ऑर्डर दिवाळीनंतर, थंडी पडली की. उद्या सकाळी त्या घरोघर वापरात असलेल्या साबणाच्या नव्या वड्या तोलून बघणार आहेत, म्हणजे आपल्या वडीचं वजन किती ठेवायचं ते ठरेल. मी त्यांना एकच भर घालायला सांगते: घरातली सगळ्यात लहान मूठ आणि सगळ्यात मोठी मूठ, दोन्ही मोजून घ्या. तारेच्या खुणा त्यावरून पुन्हा आखता येतील.